ब्रेकच्या दांड्यांना वंगण घालावे की कोरडे ठेवावे?



दसरा जवळ आला की आपल्याकडे दोन गडबडी एकदम सुरू होतात. एक कारखान्यात बॉयलर पेटवण्याची आणि दुसरी गावोगाव वाहतुकीच्या ट्रॅक्टरांची. टायर बदलणे, ट्रॉलीच्या फळ्या ठोकणे, हुकाला वेल्डिंग मारणे ही कामे चाललेली असतात. अशा दिवसांत गट बैठकीला बसलो की बेणे, लागण, खोडवा हे विषय होतात आणि मग कोणीतरी मागून हळूच विचारतो, "साहेब, ब्रेकच्या सांध्यांना तेल घालायचं का नाही? आमचा मिस्त्री म्हणतो, ब्रेकला तेल म्हणजे मरणाला आवतण."

त्याच गावात दुसरा मिस्त्री असतो. तो दर आठवड्याला दिसेल त्या सांध्यावर ग्रीसचा गोळा बसवतो आणि "मशीन म्हटलं की वंगण आलंच" असे सांगतो. दोघांकडेही ट्रॅक्टर येतात आणि दोघांचेही ऐकणारे आहेत. ऊस विकासाच्या माणसांनी ब्रेकवर कशाला लिहावे, असे कोणी म्हणेल. पण एकरी टनेज कितीही वाढवले तरी तो ऊस शेवटी रस्त्यानेच गव्हाणीपर्यंत यायचा आहे. तो आणणारा ट्रॅक्टर बहुतेक वेळा सभासदाचाच असतो आणि त्यावर बसलेला पोरगाही आपल्यातल्याच कोणाचा तरी असतो. म्हणून यंदा या प्रश्नाला सविस्तर उत्तर द्यायचे आम्ही ठरवले.

प्रश्न नेमका कोणत्या ब्रेकचा?

मोटारगाडीचे पेडल दाबले की जोर तेलाच्या बारीक नळीतून चाकापर्यंत जातो. आपल्या ट्रॅक्टरचे तसे नाही. बहुतेक ट्रॅक्टरांत आजही पेडलपासून मागच्या चाकाच्या धुऱ्यापर्यंत जोर नेतात त्या लोखंडी दांड्याच. आत जुन्या पद्धतीचा ड्रम असेल, कोरडी डिस्क असेल नाहीतर अलीकडच्या तेलातल्या प्लेटी असतील. बाहेरचा कारभार दांडी, काटी, पिन आणि लिव्हर यांचाच. पुढच्या चाकांना तर बहुधा ब्रेक नसतोच. जे काही थांबवायचे ते मागच्या दोन चाकांनी.

एके काळी मोटारीही अशाच होत्या. अमेरिकेत ड्यूसेनबर्ग कंपनीने १९२१ साली चारही चाकांना तेलाचे ब्रेक दिले, तरी हेन्री फोर्ड मात्र कितीतरी वर्षे दांड्यांनाच धरून राहिला. १९२७ च्या डिसेंबरात आलेल्या फोर्डच्या मॉडेल ए गाडीला चारही चाकांना दांड्यांचे ब्रेक होते. पेडलपासून चाकापर्यंत सलग पोलाद असल्यावर ते गळणार कुठून, असे फोर्डचे म्हणणे. अखेर १९३९ च्या गाड्यांना त्याने तेलाचे ब्रेक घेतले. इंग्लंडात कॉव्हेंट्रीला १९४६ ते १९५६ या काळात झालेला लहान करड्या रंगाचा फर्ग्युसन ट्रॅक्टर, ज्याच्यावरून पुढचे कितीतरी ट्रॅक्टर बेतले गेले, त्याचेही ब्रेक दांड्यांचेच होते.

कोल्हापूरला दसऱ्याच्या सोहळ्यात छत्रपतींची जुनी मेबॅक गाडी बघायला माणसे गर्दी करतात. तशा जुन्या गाड्या हौसेने सांभाळणारे लोक जगभर आहेत आणि दांड्यांचे ब्रेक असलेल्या गाड्या बाळगणाऱ्यांत अगदी आपल्या दोन मिस्त्र्यांसारखाच वाद आहे. काही म्हणतात की तेलावर धूळ बसते, धुळीची खरड होते, म्हणून सांधे कोरडे बरे. काही म्हणतात, कोरडा सांधा गंजतो, तेल पाहिजेच. गंमत अशी की फोर्ड कंपनी मॉडेल ए बरोबर हत्याराच्या पिशवीत ग्रीसगन देत असे. म्हणजे बनवणाऱ्याच्या मनात तरी फारशी शंका नसावी.

कोरडा सांधा काय करतो

पेडलपासून सुरुवात करू. पेडल एका दांड्यावर बुशात फिरते. त्याच्या खालच्या टोकाला दांडी जोडलेली. दांडीच्या टोकाला यू आकाराची काटी, तिला मिस्त्री लोक फोर्क म्हणतात. काटीतून पिन गेलेली आणि पिन निसटू नये म्हणून कॉटर पिन. पुढे लिव्हर, पुन्हा काटी, पुन्हा पिन. शेवटी कॅमचा दांडा. तो बुशात फिरला की आतले ब्रेक शू फाकतात आणि ड्रमला घासतात. असे मोजून पाच-सहा फिरते सांधे प्रत्येक बाजूला निघतात.

आता हिशेब करा. पेडलवर पायाने मारलेला जोर शंभर धरला आणि प्रत्येक गंजलेल्या सांध्याने फक्त दहावा हिस्सा खाल्ला, तर पाच सांधे ओलांडून चाकापाशी पोचेपर्यंत एकोणसाठच उरतो. पाय तोच, ताकद तीच, पण चाकाला पोचते निम्म्याहून थोडी जास्त. ड्रायव्हर म्हणतो लायनर संपले. लायनर बदलून हजारो रुपये जातात आणि ब्रेक पहिल्यासारखाच राहतो, कारण दुखणे लायनरात नव्हतेच.

ही झाली जातानाची गोष्ट. परतीची याहून वाईट. पाय काढला की शू मागे यायला पाहिजेत, पण त्यांना मागे ओढणारी ती बिचारी स्प्रिंग. पायाइतका जोर तिच्यात कुठला? सांधा जाम असला की शू ड्रमला टेकलेलेच राहतात. गाडी जड चालते, डिझेल जास्त जाते, ड्रम तापतो. तापलेल्या लायनरची पकड कमी होते. मग उतारावर ज्या वेळी खरा ब्रेक पाहिजे त्या वेळी तो मिळत नाही. मुक्कामावर उतरून ड्रमजवळ हात नेऊन बघावा, लावू नये. एका बाजूची धग दुसरीपेक्षा जास्त लागली तर ती बाजू अडकते आहे हे पक्के.

आणि एकच बाजू अडकणे हे दोन्ही अडकण्यापेक्षा धोक्याचे. शेतात वळण घेताना आपण एकच पेडल वापरतो. पुष्कळांना एकाच बाजूला वळायची सवय असते, म्हणून एका बाजूचे लायनर आणि पिना लवकर झिजतात. पुढे हंगामात तोच ट्रॅक्टर दोन्ही पेडले खटकीने जोडून रस्त्यावर येतो. ट्रॅक्टरचे स्वतःचे वजन दोन टनांच्या आसपास, मागे दोन ट्रॉल्या मिळून पंधरा-वीस टन ऊस, आणि आपल्या भागातल्या बहुतेक ट्रॉल्यांना स्वतःचा ब्रेक नाही. ब्रेक दाबला की मागचा सगळा भार ट्रॅक्टरला ढकलतो. त्या क्षणी एक चाक आधी धरले आणि दुसरे मागाहून, की ट्रॅक्टर तिरका होतो आणि ट्रॉली आडवी येते. बातमीत "ब्रेक निकामी झाल्याने" असे छापून येते. निकामी झालेली गोष्ट पुष्कळदा पंचवीस-तीस रुपयांची पिन असते.

मग "तेल नको" हा समज आला कुठून?

तो अगदीच हवेतून आलेला नाही. लायनरवर तेल गेले तर ब्रेक जातो, हे शंभर टक्के खरे. ड्रम उघडल्यावर आत ओल दिसली की मिस्त्री म्हणतो, "बघा, सांध्याला तेल घातलं, ते आत उतरलं." पण काटीच्या पिनेवर घातलेले चार थेंब ड्रमच्या आत जायला वाटच नाही. ती पिन असते बाहेर, ड्रमपासून लांब. आतली ओल बहुतेक वेळा दुसरीकडून येते. धुऱ्याचे ऑईल सील फाटते आणि हाऊसिंगमधले ऑईल धुऱ्यावरून ड्रमात झिरपते. ओळखायची खूण सोपी आहे. गिअर ऑईलचा उग्र वास लगेच कळतो आणि चाकाच्या आतल्या अंगाने टायरवर काळा ओघळ आलेला असतो. तिथे सांध्याचे वंगण बंद करून काही उपयोग नाही, सील बदलावे लागते. भिजलेले लायनर पेट्रोलने धुऊन किंवा पेटवून पुन्हा बसवतात तेही करू नये. वरचे तेल जाते, आत मुरलेले तापल्यावर पुन्हा वर येते.

जाता जाता एक सांगून ठेवतो. जुन्या लायनरमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असे. ड्रम उघडल्यावर त्यातली भुकटी तोंडाने किंवा हवेच्या पंपाने उडवायची आपल्याकडे सवय आहे. ती भुकटी छातीत गेली की कायमची बसते. ओल्या फडक्याने पुसून फडके टाकून द्यावे.

एक जागा मात्र अशी आहे की तिथे "तेल नको" म्हणणाऱ्यांची भीती खरी ठरते. ती म्हणजे कॅमच्या दांड्याचा बुश. दांड्याचे एक टोक बाहेर, दुसरे ड्रमच्या आत. इथे निपल असले आणि आपण ग्रीसगनचे दहा-बारा दट्टे मारले, तर जास्तीचे ग्रीस आतल्या बाजूने बाहेर पडणार आणि लायनरवर जाणार. दुसरा मिस्त्री, तो ग्रीसचे गोळे बसवणारा, नेमका इथे नडतो. म्हणून या बुशाला एक, फार तर दोन दट्टे. तेही साध्या ग्रीसचे नकोत. जुने पिवळे कॅल्शियमचे ग्रीस शंभर अंशांच्या आतबाहेर पातळ होऊन गळते आणि ड्रमजवळ तेवढी उष्णता सहज होते. लिथियमचे ग्रीस पावणेदोनशे-एकशेऐंशी अंशांपर्यंत टिकते. दुकानात नुसते "ग्रीस द्या" म्हणू नका. डब्यावर काय लिहिले आहे ते वाचून घ्या.

खरे तर या बुशाची उत्तम वेळ म्हणजे हंगामापूर्वी ड्रम उघडतो तेव्हाची. कॅमचा दांडा ओढून काढावा, गंज पॉलिश पेपरने घासावा, बुशात ढिला आहे का बघावा, बोटाने पातळ थर लावून परत बसवावा. असे एकदा नीट झाले की हंगामभर निपलकडे फारसे बघावे लागत नाही. आम्ही जे ट्रॅक्टर बघतो त्यांत हा दांडा जाम होण्याचे प्रमाण सगळ्यात जास्त. कारण साधे आहे: तो दिसत नाही, म्हणून त्याच्याकडे कोणी जात नाही.

तेल की ग्रीस?

उघड्या काटीच्या पिनांवर ग्रीसचा गोळा बसवणे आम्हाला पसंत नाही. आपली काळी माती, फडातली पाचटाची धूळ, रस्त्यावरचा मुरूम, हे सगळे त्या गोळ्यावर चिकटते. बाहेरून वंगण दिसते, आत मात्र कानशीसारखी लगदी फिरत असते. एवढ्यापुरते "कोरडे ठेवा" म्हणणाऱ्यांचे खरे आहे. पण त्यावर उपाय कोरडे ठेवणे हा नव्हे. उपाय असा की पिन काढून डिझेलने धुवावी, तारेच्या ब्रशने भोक साफ करावे, नवे इंजिन ऑईल दोन-तीन थेंब घालून पिन बसवावी, पेडल दहा-वीस वेळा दाबून ते आत जिरू द्यावे आणि बाहेर आलेले फडक्याने कोरडे पुसावे. आत तेल, बाहेर कोरडे.

काही जण ग्रॅफाइटची भुकटी वापरतात. धुळीच्या जागी ती चांगली, तिच्यावर माती चिकटत नाही. पण भुकटी गंजापासून राखत नाही आणि आपल्याकडे ट्रॅक्टर पावसाळाभर गोठ्याच्या कडेला उभा असतो. म्हणून आम्ही तेलाच्याच बाजूचे. इंजिनातून काढलेले जळके काळे ऑईल मात्र नको. त्यात काजळी असते, झिजलेल्या धातूचा कस असतो. फुकटचे म्हणून वापरतो खरे, पण ते ट्रॉलीच्या फळ्यांना लावायला ठीक.

पेडलचा दांडा आणि जिथे कारखान्याने निपल दिलेले आहे असे आडवे दांडे, यांना ग्रीसच. तिथे जुने काळे ग्रीस बाहेर पडून नवे दिसेपर्यंत मारायला हरकत नाही, कारण शेजारी लायनर नाही. बाहेर आलेले पुसून टाकायचे. दांडीच्या आट्यांना, जिथे नट फिरवून ब्रेक आवळतात, तिथे बोटभर ग्रीस लावून ठेवले तर ऐन वेळी नट गंजून बसत नाही. स्प्रिंगला काही लागत नाही. जिथे रबराचा बुश किंवा रबराची टोपी आहे तिथे खनिज तेल घालू नये, रबर फुगते. हँडब्रेकला केबल असेल आणि तिच्या आत प्लॅस्टिकचे अस्तर असेल तर तीही तशीच ठेवावी.

वंगण करूनही भागत नाही तेव्हा

झिजलेल्या भोकाला वंगण हा इलाज नाही. पिन बाहेर काढून नखाने चाचपा. खाच लागली तर पिन गेली. भोक लांबोळे दिसले तर तेही गेले. चार सांध्यांत प्रत्येकी अर्धा मिलिमीटर ढिलाई धरा. दांडीला दोन मिलिमीटर फुकट गेले. पेडलची तरफ पाचपट असेल तर पेडलला एक सेंटिमीटर झाले. ढिलाई एकेक मिलिमीटर असली की दोन सेंटिमीटर. एवढे पेडल नुसतेच खाली जाते, ब्रेकला हातही लावत नाही.

इथे पुष्कळ जण एक सोपा मार्ग काढतात. दांडीचा नट आवळून पेडल वर घेतात. पहिल्यांदा बरे वाटते. पण आवळत गेले की कॅमची लिव्हर आपल्या जागेवरून सरकते. दांडी आणि लिव्हर यांच्यात ब्रेक लागतेवेळी काटकोनाच्या आसपासचा कोन असावा लागतो. मोटेच्या बैलाने सरळ ओढले तर मोट येते, तिरके ओढले तर नुसता दोर घासतो, तसेच हे. कोन बिघडला की पाय कितीही दाबा, जोर वाया जातो. म्हणून आधी पिना आणि भोके, मग लायनर आणि सगळ्यात शेवटी नट, हा क्रम सोडू नये. लांबोळे भोक थोडे मोठे करून त्यात जाड पिन बसवता येते, नाहीतर वेल्डिंगने भरून पुन्हा पाडता येते. चांगल्या टर्नरला सांगा. पिन मात्र पिनच असावी. बोल्ट घातला तर त्याचे आटे भोक खातात, आणि खिळा हा विषय तर बोलायचाही नाही, तरी यार्डात दरवर्षी दिसतो.

एवढे झाले की दोन्ही पेडलांचा मोकळा खेळ सारखा आहे का ते बघावे. किती असावा ते तुमच्या ट्रॅक्टरच्या पुस्तकात दिलेले असते, ते प्रत्येक मॉडेलला वेगळे. मग खटकी लावून, ट्रॉली न जोडता, मोकळ्या सपाट मातीच्या वाटेवर हळू चालवत एकदम ब्रेक दाबावा. दोन्ही चाकांची खरड सारख्या लांबीची उमटली पाहिजे. एक लांब, एक आखूड असेल तर पुन्हा आखूड बाजूकडे जा. ज्या बाजूला जास्त ओढते ती ढिली करण्याचा मोह होतो. आधी न धरणारी बाजू का धरत नाही ते शोधा, बहुतेक वेळा जाम सांधा तिथेच सापडतो.

तेलातल्या प्लेटीचे ब्रेक असलेल्यांनी एवढे लक्षात घ्यावे की बाहेरच्या दांड्यांना वरचे सगळे लागू आहे. आत तेल असते ते त्या प्लेटींसाठीच केलेले. आमच्यात तेल चालते मग तुमच्यात का नाही, अशी कोरड्या लायनरवाल्याशी पैज लावू नये.

चांगला ब्रेक झाला म्हणून वेग वाढवायचा नाही, हेही ड्रायव्हरला सांगून ठेवा. वेग दुप्पट झाला की थांबवायचा रेटा चौपट होतो, आणि मागच्या ट्रॉलीला तुमच्या पिनेचे काही माहीत नसते. उतारावर न्यूट्रल करून डिझेल वाचवणारेही आपल्यात आहेत. त्यांनी वाचवलेल्या डिझेलचा हिशेब आम्हाला अजून कोणी दाखवलेला नाही.

हंगाम सुरू झाल्यावर वेळापत्रक सोपे ठेवावे. आठवड्यातून एक दिवस, यार्डात नंबर लागायची वाट बघत ट्रॅक्टर तासन् तास उभा असतोच, तेव्हा इंजिन बंद करून, चाकांना पुढून-मागून दगड लावून सगळे सांधे बघावेत. वॉशिंग सेंटरवर प्रेशरने धुतला तर त्याच दिवशी वंगण करावे, कारण पाणी जुने तेल काढून नेते आणि सांध्यात स्वतः बसते. सोबत एक लहान डबी ठेवावी: चार पिना, मूठभर कॉटर पिना, तेलाची चोचीची बाटली, फडके. कॉटर पिन एकदा सरळ करून काढली की पुन्हा वापरायची नाही, वाकवताना ती तुटते. काढली की टाकली, नवी घातली, दोन्ही पाय पसरवले. तारेचा तुकडा चालणार नाही.

गट ऑफिसात येताना ट्रॅक्टरचे पुस्तक घेऊन आलात तर मोकळ्या खेळाचा आकडा आणि वंगणाच्या जागा आम्ही तुमच्याबरोबर बसून काढून देऊ. पुस्तक हरवले असेल तर मॉडेल आणि साल लिहून आणा.

— ऊस विकास अधिकारी, शेतकी खाते